मदत हवी आहे: आयईएलटीएस (इंग्रजी भाषेची परीक्षा) टास्क २ चा आराखडा वर्गात कसा घ्यावा?

रायटिंग टास्क २ म्हणजे निबंध; त्यासाठी साधारण ४० मिनिटं आणि किमान २५० शब्द. मुलं थेट लिहायला बसतात, दुसऱ्या परिच्छेदात मुद्दे संपतात आणि पहिलाच मुद्दा फिरवून लिहितात. व्याकरण बरं असूनही गुण तिथेच जातात. सध्या पहिली ५ मिनिटं पेन खाली न ठेवता फक्त आराखडा करून घेते: प्रश्नाचा प्रत्येक भाग अधोरेखित, भूमिका एका ओळीत, दोन मुद्दे, प्रत्येकी एक उदाहरण. तरी ‘टू व्हॉट एक्स्टेंट’ (तुम्ही कितपत सहमत आहात) असा प्रश्न दिसला की निम्मा वर्ग दोन्ही बाजू मांडतो, पण स्वतःचं मत कुठेच येत नाही.

जोड्यांत किंवा गटात, २० मिनिटांत बसेल असा उपक्रम कुणी घेतलाय का? चिठ्ठ्या, फळ्यावरचा वाद, काहीही चालेल. पायऱ्या सविस्तर लिहाल का?