एकलहऱ्याच्या लाइनखाली ‘फुकट वीज’? आधी हिशेब करा

सिडकोचा वायरमन
कालच्या पोस्टमध्ये ओझरकर भाऊंनी नाशिकजवळच्या एकलहरे वीज प्रकल्पाकडून येणाऱ्या 220 केव्ही (2 लाख 20 हजार व्होल्ट) लाइनखाली रात्री हातात ट्यूब धरून उजळवली आणि खाली लिहिलं, “शेतात तार ताणा, बॅटरी चार्ज करा, ही वीज तशीही वाया जाते.” वाचून राहवलं नाही.

ट्यूब पेटते, त्यात वाद नाही. इंग्लंडमध्ये 2004 साली एका कलाकाराने अशाच लाइनखाली 1301 ट्यूब रोवून उजळवल्या होत्या. पण ट्यूब मिणमिणायला मिलिअँपिअरचा अंशही पुरतो. लाइनखाली जमिनीलगत दर मीटर उंचीला 2000 व्होल्ट विद्युत क्षेत्र धरा. तारा ताणून केलेल्या जाळीला चौरस मीटरमागे साडेपाच मायक्रोअँपिअर मिळतात. 20 बाय 10 मीटरची जाळी दोन मीटर उंचीवर, जमिनीशी विजेचा संबंध कुठेच येणार नाही अशी बांधली, तरी हाती दोन वॅट. पाच एचपीची मोटर पावणेचार हजार वॅट खाते. आणि बॅटरी सुटली की त्याच जाळीवर चार हजार व्होल्ट उभे राहतात. कोणाचं पोर तिथे हात लावेल, याचा विचार केला का?

ओझरकर
दोन वॅट तर दोन वॅट. मळ्यातल्या खोपटात एक एलईडी लागला तरी माझ्यासाठी पुष्कळ. रात्रपाळीची लाइट आली की बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून बारे द्यायला जातो आम्ही. सिडकोत बसून ते कळायचं नाही. शिवाय तार नको तर कॉइल (तारेचं वेटोळं) आहे की, तिला व्होल्टेजचा धोका नाही.

सिडकोचा वायरमन
कॉइलचंही मांडतो. लाइनखाली 10 मायक्रोटेस्ला चुंबकीय क्षेत्र धरा. एक चौरस मीटरच्या एका वेढ्याला तीन मिलिव्होल्ट. हजार वेढे घातले तर तीन व्होल्ट, त्याला चार किलोमीटर तार. एक चौरस मिलिमीटरची तार घेतली तर पस्तीस किलो तांबं, आणि निघणार वॅटचा तिसावा हिस्सा. तेवढ्या तांब्याच्या पैशात सोलर पॅनल येऊन उरेल.

आणि ‘वाया जाते’ हे तर साफ चूक. लाइनभोवतीच्या क्षेत्रातली ऊर्जा दर आवर्तनात तारेत परत येते. तुम्ही ओढली तरच ती लाइनमधून कमी होते. या तंत्राचा खरा उपयोग असा: तारेवरच चिमट्यासारखे बसवलेले सेन्सर स्वतःपुरती वीज त्याच तारेतून घेतात.

निफाडची बागाईतदार
तुमचा हिशेब झाला असेल तर आमचं ऐका. आमच्या द्राक्षबागेवरून लाइन गेली आहे. गोडी छाटणीला आलेल्या बायका मांडवाच्या तारेला हात लावताना दचकतात, चटका बसतो म्हणतात. सासऱ्यांच्या वेळी टॉवर रोवला तेव्हा लाइनवाल्यांनी फक्त तोडलेल्या वेलींचे पैसे दिले. जागेचा छदाम नाही. लाइनखाली बोअरची गाडी उभी करता येत नाही, घर बांधता येत नाही. दोन वॅटवर भांडताय, आमचा सातबारा कोण बघणार?

सिडकोचा वायरमन
ताई, विषय मोबदल्याचा नाही.

निफाडची बागाईतदार
तोच विषय आहे! लाइन आमच्या डोक्यावरून जाते म्हणून तर तिच्यातून काही मिळावं असं माणसाला वाटतं.

सिन्नरचा वकील
ताई बरोबर बोलताहेत. वीज कायदा 2003 च्या कलम 164 खाली सरकार लाइन उभारणाऱ्याला 1885 च्या टेलिग्राफ कायद्याचे अधिकार देऊ शकतं. जमीन संपादित न करता टॉवर उभा राहतो, मालकाला नुकसानभरपाई तेवढी. 2015 मध्ये केंद्राने टॉवरच्या पायाखालच्या जागेला किमतीच्या 85 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त 15 टक्के सुचवले. 2024 मध्ये तेच 200 आणि 30 टक्के केले.

निफाडची बागाईतदार
म्हणजे जे आधी गप्प बसले त्यांना काहीच नाही, आणि आता ज्यांच्या शेतात टॉवर येईल त्यांना दुप्पट. याला न्याय म्हणायचं?

ओझरकर
बघा! तुम्हाला छदाम नाही, आणि मी दोन वॅट घेतले तर चोर?

सिडकोचा वायरमन
चोर मी म्हटलंच नाही. धोका म्हटलं. ताई, मोबदल्याचं तुमचं म्हणणं मला मान्य, पण चटक्यावर आधी उपाय करा. अँगल जमिनीत गाडलेले असतील तर मांडवाला बहुतेक अर्थिंग मिळालेलं असतं, म्हणजे तो जमिनीशी जोडलेला असतो. रबरी चप्पल घातलेल्या माणसाचं अंगच चार्ज होतं आणि तारेला बोट लागताच ठिणगी उडते. पण जिथे लाकडी किंवा दगडी खांब आहेत, तिथे तारच चार्ज राहते. प्रत्येक ओळीच्या तारेला दोन्ही टोकांना अर्थिंग करून घ्या. लांब ओळ लाइनला समांतर असेल तर मध्येही.

निफाडची बागाईतदार
हे आम्हाला इतक्या वर्षांत एकाही साहेबाने सांगितलं नाही. छाटणीआधी करून घेते. पण ओझरकर दादा, ती पोस्ट काढा. आमच्याकडची मजुरांची पोरं दिवसभर मोबाइल बघतात.

ओझरकर
ट्यूब ठेवतो, ती खरी आहे. तार ताणायची ओळ काढली.