माशाच्या जेवणातलं तेल कॅलरीत कसं धरता?

रत्नागिरीची_सून
वजन उतरवायचंय म्हणून खाल्लेलं सगळं ॲपमध्ये भरते. भात, भाकरी, मासे काट्यावर मोजता येतात, अडतं ते तेलापाशी. चौघांचा स्वयंपाक एकत्र होतो आणि सासूबाई फोडणीला अंदाजाने तेल घालतात. त्यांच्या हाताला मोजमाप लावणं मला बरं वाटत नाही. माझ्या वाट्याचं तेल कसं धरू? आणि तळलेल्या बांगड्याचं काय?

गुहागरकर
ताई, त्यांना काही सांगूच नका. तेलाचं भांडं स्वयंपाकाआधी काट्यावर ठेवा, झाल्यावर पुन्हा ठेवा. जितके ग्रॅम कमी झाले तितकं तेल गेलं. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ५ मिलीच्या लहान चमच्याला साधारण ४०. खोबरेल, शेंगदाणा, साजूक तूप, कॅलरीत नाव घेण्यासारखा फरक नाही. मिलीऐवजी ग्रॅमच धरा. लिटरच्या पिशवीवरही ९१० ग्रॅम छापलेलं असतं. मग शिजलेल्या कालवणाचं वजन करा आणि तुमच्या वाटीत जेवढं आलं त्या प्रमाणात तेल लावा. सरसकट चौथा हिस्सा नको, चौघं काही सारखं वाढून घेत नाहीत.

बांगड्यासाठी तव्यात सोडायचं तेल आधी मोजायचं, मासे काढल्यावर उरलेलं गाळून पुन्हा मोजायचं. मधला फरक माशांना लागला. ॲपमध्ये मात्र कच्चा बांगडा निवडा. ‘फिश फ्राय’ निवडलंत तर तेल दोनदा धरलं जाईल.

देवबागची_माय
बाय, तेलाच्या मागे लागून वाटप, म्हणजे कालवणातलं खोबऱ्याचं वाटण, विसरू नकोस! आपल्याकडे खरा स्निग्धांश नारळात. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३५० कॅलरी आणि ३३ ग्रॅम स्निग्धांश, म्हणजे लहान सात चमचे तेलाएवढा. सुक्या खोबऱ्यात जवळजवळ दुप्पट. वाटप भाजण्याआधी खवलेलं खोबरं मोजून घे. भाजताना पाणी उडून वजन घटतं, कॅलरी तेवढ्याच राहतात. नारळ सोडू नकोस हो, फक्त मोज. तिरफळं घातलेलं बांगड्याचं कालवण नारळाशिवाय कसलं?

वेंगुर्ल्याचो_झील
घावण्याक तेल मोजूची गरज नाय. बिडाचो तवो चांगलो तापव आणि अर्धो कांदो तेलात बुडवून फिरव. इतक्यातच घावणो सुटता. तेलाची वाटी आधी आणि मागसून काट्यार ठेव, तुकाच कळात.

रत्नागिरीची_सून
गुहागरकरदादा, माय, आभार. सोलकढीला काय करू? चोथा तर आम्ही टाकून देतो.

देवबागची_माय
मग पूर्ण खोबरं धरू नकोस, चोथ्यात बराच स्निग्धांश राहतो. पहिलं दाट दूध किती निघालं ते मोज आणि ॲपमध्ये नारळाचं दूध म्हणून भर. दुसरं पाणी घालून काढलेलं दूध पातळ असतं, ते दाट दुधाच्या हिशोबात मिसळू नको. आणि चोथा टाकतेस कशाला? सुक्या चटणीत घाल. तेव्हा मात्र त्याच्याही कॅलरी धर.