नव्या पेनाची वाट बघायलाव... तुमचे अनुभव सांगा

दौत_सांडली
सकाळपासून अकरा वेळा ट्रॅकिंग बघून झालं. राजमहेंद्रीहून काळा एबोनाइटचा (कडक रबराचा) पेन मागवलाय, सांगून करून घेतलेला, सव्वा महिना झाला. परवा हैदराबादला आला, काल तिथून निघाला आणि आज परत हैदराबादलाच पोचला म्हणे! मग गेला कुठं होता, चारमिनार बघायला?

तर दिवसभर डोळ्यासमोर हैदराबाद हैदराबाद बघून जुनं आठवलं. सातवीत स्कॉलरशिप मिळाली तवा मामा म्हणले, हैदराबादला चाललोय, अबिड्सवरून तुला पेन आणतो. आमच्या अंबाजोगाईत तेव्हा मोठा दवाखाना असो की मोत्याचा सर, माणूस हैदराबादच गाठायचा. मी दोन संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन बसले. प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या माणसाच्या खिशाकडं बघायची. तिसऱ्या दिवशी मामा रात्री उशिरा आले, मी झोपलेली. सकाळी उठून बघते तर पेन त्यांच्या खिशाला लावलेला, आणि त्यानंच ते लॉजचा आणि गाडीभाड्याचा हिशोब लिहायलेत!! आमच्याकडं पक्कं होतं की नव्या पेनाची निब पहिल्या हाताला बसते, दुसऱ्याच्या हातात गेला की बिघडला. मी दिवसभर जेवले नाही. मामांना शेवटपर्यंत कळलं नाही मी का रुसले ते.

तुमचे सांगा. कोण कशाची वाट बघतंय, आणि आधी काय काय झालंय.

गोलाईतला_पोरगा
मामा रॉक्स 😂😂
मी पण वेटिंगवर आहे, जपानी पेन, कस्टममध्ये अडकलाय. ड्युटी किती लागणार त्याचा फोन येईल म्हणले, आला नाही. बायकोला पेनाची किंमत तीनशे सांगितलीय, ड्युटीच त्याच्यापेक्षा जास्त निघाली तर काय सांगू तेवढं सुचवा कुणीतरी

निफ_तुटकी
@गोलाईतला_पोरगा सांगा ऑफिसनं दिलाय म्हणून. आमचे हे गेल्या चार वर्षांत "ऑफिसनं दिलेले" सात पेन घेऊन आलेत. मला सगळं माहितीये, मी पण साड्या माहेरून आल्या म्हणते.

परभणीकर_२
जगात जर्मनी भारतात परभणी! हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो पण जर्मनीहून परभणीला पेन यायला किती दिवस लागतात ते मला विचारा. हायडेलबर्गचा लॅमी सफारी, पिवळा. सतरा दिवस. आला तेव्हा घरात सगळे जमा, मी शाईची बाटली उघडून ऐटीत बसलेलो, पेन खोलला तर आत नुसती एक कार्ट्रिज. बाटलीतून शाई ओढायचा कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. परत ऑर्डर, परत आठ दिवस. वडील म्हणले, ट्रॅक्टर घेतला आन ट्रॉली विसरला.

तलाठी_नाही_मी
ट्रॉली 😆😆 वडिलांना नमस्कार सांगा

डावा_हात
मी डावखुरा. नवा पेन येणार म्हणलं की घरचे आधी माझा तळवा बघतात. मराठी डावीकडून उजवीकडं लिहायची म्हणजे ओल्या शाईवरूनच माझा हात फिरतो, शाळेत करंगळीच्या खालचा भाग कायम निळा. गुरुजी म्हणायचे याला वही तपासायची गरज नाही, हात तपासा, सगळं उमटलंय.
आमचे आजोबा निजामाच्या काळात महसूल खात्यात होते, सगळं दप्तर उर्दूत. ते उजव्या हाताचे पण उर्दू उजवीकडून लिहायची म्हणून त्यांनाही हाच त्रास, तर ते मनगट ओळीच्या खाली ठेवून लिहायचे. मला त्यांनीच ते शिकवलं. ४८ नंतर कारभार मराठीत आला तरी मनगट तिथंच राहिलं त्यांचं. आता लवकर वाळणारी शाई मागवलीये, पेन नाही, नुसती शाई. चालेल ना धाग्यात?

दौत_सांडली
@डावा_हात पळेल! आजोबांचं अजून लिहा ना काही, त्यांचा पेन आहे का घरात?

डावा_हात
पेन नाही, दौत आहे, पितळेची. आई त्यात हळद ठेवते.

एबोनाइटवेडा
राजमहेंद्री म्हणलात म्हणून राहवत नाही. तिथल्या रत्नम यांनी गांधीजींना स्वदेशी पेन करून पाठवला होता, आणि १९३५ मधे गांधीजींनी वर्ध्याहून उलट पत्र लिहिलं की बाजारात मिळणाऱ्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो. माझ्याकडं तिथला एक आहे, बारा वर्षं झाली.
आता कामाचं. एबोनाइट म्हणजे रबर आणि गंधक तापवून केलेलं, जोरात घासलं की गंधकाचा वास येतो, घाबरू नका. उन्हात खिडकीत ठेवू नका, काळा पेन हळूहळू हिरवट तपकिरी पडतो. आणि मुख्य म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात ड्रॉपरनं भरायचा पेन अर्धा रिकामा खिशात नको. नळीत जेवढी हवा जास्त तेवढी ती तापून फुगणार आणि शाईला बाहेर ढकलणार. मे महिन्यात लग्नात पांढरा शर्ट घालून गेलो होतो, आहेराचं पाकीट लिहायला टोपण काढलं आणि नवरदेवाच्या काकांच्या धोतरावर. पुढचं सांगत नाही. तर भरलेला ठेवा नाहीतर पूर्ण रिकामा, मधलं काही नाही.

गोलाईतला_पोरगा
धोतराचं पुढचं सांगाच

एबोनाइटवेडा
नाही. त्या घरात आमची बहीण दिलीये.

खडू_ब्लॉटिंग
शाई सांडली की खडूचा तुकडा लावून शोषून घ्यायचो ते कुणाला आठवतं का? खडू आडवा धरला की निळा चढत जायचा, मज्जा वाटायची, मुद्दाम सांडायचो. आणि बाकावर थेंब उधार द्यायचो, "पाच थेंब दिले, उद्या सहा दे". आमच्या वर्गात एकानं या सावकारीवर हिरो पेन घेतला. तो आज खरोखर पतसंस्थेत आहे.

निफ_तुटकी
😂😂😂 हिरो म्हणजे ते स्टीलच्या टोपणाचं आणि निब आत लपलेलं ना, मागची पट्टी चार पाच वेळा दाबायची. माझ्या भावाचा होता, मला हात लावू द्यायचा नाही. मला मिळायचा गळका. मधलं बोट बघा माझं अजून, गाठ आहे.
कूकर झाला, येते

सहस्रकुंड
माझा अनुभव वेगळा आहे जरा. पेनाची वाट बघत होते, आला, आणि त्याच हौसेत ड्रॉइंगची काळी शाई भरली, चांगली दाट दिसली म्हणून. दोन दिवसांत आत दगड. त्या शाईत लाख असते, वाळली की पाण्यानं निघत नाही, आणि ती निबेखालच्या, शाई पुढं आणणाऱ्या जिभेच्या बारीक खाचांत जाऊन बसते. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, रात्रभर भिजवणं, सगळं केलं. पेन गेला तो गेला. कुणी नवीन असाल तर बाटलीवर फाउंटन पेन लिहिलेलं बघूनच घ्या. बाईंनी पण नवा पेन आला की आधी धुऊन घ्यावा, तासताना लागलेलं तेल आत असतं, त्यानं पहिल्या ओळी तुटक येतात आणि माणूस निबेला शिव्या देतो.

दौत_सांडली
बाई म्हणू नका हो 🙈 पण धुण्याचं लक्षात ठेवते

परभणीकर_२
सहस्रकुंड म्हणजे तुम्ही हिमायतनगर साइडच्या का? धबधब्याला पाणी आलं का? इकडं मृग कोरडाच चाललाय

सहस्रकुंड
कशाचं पाणी, नुसते दगड आहेत. ढग येतात, बघतात, जातात. तुमच्या पेनासारखंच, ट्रॅकिंगमधे दिसतो, येत नाही

तलाठी_नाही_मी
आमच्याकडं काल शिंतोडे झाले. सोयाबीनचं बी आणून ठेवलंय, पेरायची हिंमत होत नाहीये. पेनाचं म्हणाल तर मला फक्त सही करायला लागतो, दिवसाला दोनेकशे सह्या. बॉलपेननं मनगट दुखतं, शाईच्या पेनाला दाबावं लागत नाही म्हणून घेतला. लोक समजतात साहेब शौकीन आहे. डॉक्टरनं सांगितलेलं औषध आहे ते.

वळणदार
कुणी स्टब निब वापरून मराठी लिहिलंय का? मी मागवलीये, आज "आउट फॉर डिलिव्हरी" दाखवतंय. निब आडवी चपटी असते त्यामुळं काना जाड आणि शिरोरेषा बारीक येईल असं वाटतंय. आमचे चुलते साइनबोर्ड रंगवायचे, ते बोरू तिरका कापायचे, म्हणायचे इंग्रजीला एक काप आणि बाळबोधला उलटा. तो बोरू कापायचा चाकू दुसऱ्या कशाला वापरला तर मार बसायचा, मी एकदा त्यानं कैरी कापली

गोलाईतला_पोरगा
फोन आला!! ड्युटी भरली. आकडा सांगत नाही. बायको इथं वाचत नाही पण तिची बहीण वाचते.

वळणदार
कुरिअरवाला "घराला कुलूप होतं" लिहून गेला. मी दारात खुर्ची टाकून बसलोय सकाळपासून. खुर्चीवर. दारात.

डावा_हात
दर वेळी हेच. माझ्याकडं तर घरात पाहुणे जेवायला बसलेले आणि मेसेज, "ग्राहक उपलब्ध नाही"

दौत_सांडली
आला!!!!!
आत्ता, सव्वाचारला. काकडीसारख्या लांब खोक्यात, कापसात गुंडाळलेला. हातात घेतला तर गार लागत नाही, प्लास्टिकसारखा नाहीच. वास घेतला (एबोनाइटवेडा, तुमच्यामुळं), खरंच गंधकाचा बारीक वास आहे. टोपण फिरवायला साडेतीन आटे. घरात सगळ्यांना बजावलंय कुणी हात लावायचा नाही. धुऊन पुसून ठेवला आणि कपाटातून शाई काढली तर बाटलीत तळाशी नुसता निळा पापुद्रा. उन्हाळ्यात झाकण सैल राहिलं होतं वाटतं. दोन दुकानं फिरून आले, एकानं स्टॅम्पपॅडची शाई दाखवली, दुसरा म्हणला मॅडम आता कोण वापरतंय, जेलपेन घ्या.

एबोनाइटवेडा
स्टॅम्पपॅडची नको!!! हात जोडतो

निफ_तुटकी
अगं मी लातूरलाच आहे, माझ्याकडं रॉयल ब्लूच्या दोन बाटल्या आहेत, एक न फोडलेली. पाचच्या पुढं अंबाजोगाईची गाडी आहे, ड्रायव्हरजवळ देऊ का? आमचे हे स्टँडवरच चाललेत.

दौत_सांडली
देव पावला. द्या द्या. ड्रायव्हरला काय सांगू, खूण काय?

निफ_तुटकी
श्रीखंडाच्या डब्यात घालून देते, सांडायची भानगड नाही. त्यांना श्रीखंड नाही म्हणून सांगा आधी, नाहीतर रेणापूर फाट्यावर उघडतील.

तलाठी_नाही_मी
कंडक्टरचे ओठ निळे दिसले की समजा

दौत_सांडली
😂 मी निघते सहाला, स्टँडवर बसते. गाडीचा नंबर टाका