शहराचा आराखडा रस्त्यापासून सुरू करावा की पायी चालणाऱ्यापासून?

मूळ लेख

शहराच्या विकास आराखड्याचा विचार आजही बहुधा रस्त्याच्या रुंदीपासून सुरू होतो आणि माझ्या मते चूक तिथेच होते. घरे एकीकडे, कचेऱ्या दुसरीकडे, बाजार तिसरीकडे असे विभाग पाडले की लहानसहान कामासाठीही वाहन काढावे लागते. मग वाहनांसाठी रस्ता रुंद केला जातो, रुंद रस्ता आणखी वाहने ओढून घेतो आणि कोंडी पुन्हा होती तशीच राहते. ह्यूस्टनमधील केटी महामार्गाचे रुंदीकरण 2008 मध्ये पूर्ण झाले, सेवारस्ते धरून तो काही ठिकाणी 26 पदरी झाला, तरी गर्दीच्या वेळचा प्रवास काही वर्षांतच पुन्हा लांबला.

माझी आई 74 वर्षांची आहे. औषधांचे दुकान घरासमोरच, पण मध्ये सहा पदरी रस्ता. सिग्नल बदलेपर्यंत ती जेमतेम दुभाजक गाठते आणि दोन्ही बाजूंनी वाहने धावत असताना पिशवी छातीशी धरून पुढच्या सिग्नलची वाट पाहत उभी राहते. नकाशावर मात्र ते दुकान हाकेच्या अंतरावर आहे. रोजच्या गरजा पायी किंवा सायकलने पंधरा मिनिटांत भागाव्यात, ही पॅरिसमधील प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी मांडलेली कल्पना मला म्हणूनच आराखड्याचा पाया वाटते.

प्रतिसाद 1

आपल्या आईंची अडचण खरी आहे, पण उपाय पटला नाही. अशा चर्चेत दक्षिण कोरियातील सोलच्या चोंगग्येचॉन ओढ्याचा दाखला हटकून दिला जातो. ओढ्यावरचा उन्नत मार्ग 2003 पासून पाडण्यात आला, 2005 मध्ये ओढा खुला झाला, परिसरातील उष्मा कमी झाला, हे सगळे मान्य. परंतु त्यातील बहुतांश पाणी पंपाने चढवून आणावे लागते आणि तिथल्या फेरीवाल्यांना आपली जागा सोडावी लागली, हे क्वचितच सांगितले जाते. वस्ती चालण्याजोगी झाली की भाडी चढतात आणि ज्यांच्याकडे वाहन नाही, म्हणजे ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे, तेच शहराच्या कडेला फेकले जातात. शाश्वततेचा हिशेब कोण टिकले आणि कोण उठले, हे मोजल्याशिवाय मांडता येणार नाही.

प्रतिसाद 2

माझा आक्षेप वेगळा आहे. माणसे शहरात येतात ती कामासाठी. परिचारिकेला, गवंड्याला, अभियंत्याला पंधरा मिनिटांत किराणा मिळेल, नोकरी मिळेलच असे नाही. आणि नवरा-बायकोच्या नोकऱ्या शहराच्या दोन टोकांना असतील तर घर कुठे घ्यायचे? ब्राझीलमधील कुरितिबा शहराने 1974 पासून बससाठी स्वतंत्र मार्गिका आखल्या आणि उंच इमारतींना परवानगी मुख्यतः त्याच मार्गांलगत दिली, म्हणजे लांबचा प्रवास गृहीत धरूनच शहर वाढवले. मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो.

मूळ लेखिका

नोकरीचा मुद्दा मला मान्य आहे. मोरेनो यांच्या कल्पनेची ती कच्ची बाजू आहे. पण बसमधून उतरल्यावर प्रत्येक प्रवासी पादचारीच होतो, आणि थांब्यापासून दारापर्यंतचा पदपथ मध्येच संपत असेल तर स्वतंत्र मार्गिकेचाही निम्मा उपयोग वाया जातो.

भाड्यांबाबत मात्र मी ठाम आहे. चांगला पदपथ महाग ठरतो, कारण तो दुर्मीळ आहे. व्हिएन्नाने 1920च्या दशकापासून सार्वजनिक घरे बांधली आणि आज तिथे सुमारे निम्मे रहिवासी महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. त्यामुळे वस्ती सुधारली तरी सगळ्यांनाच घर सोडावे लागत नाही.

प्रतिसाद 1

व्हिएन्नाने त्या घरांसाठीची जमीन अनेक दशके सांभाळली. आज हातात जमीनच नसलेल्या महापालिकेने काय करावे, हे आपण सांगितलेले नाही. क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. स्टॉकहोमने 2006 मध्ये गर्दी-शुल्क, म्हणजे शहराच्या मध्यभागात ये-जा करणाऱ्या वाहनांवरचे शुल्क, प्रायोगिक तत्त्वावर लावले, पण त्याआधीच जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या. त्या भागाच्या सीमेवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्श्याने घटली आणि नंतरच्या सार्वमतात शहराने शुल्क स्वीकारले. तोच क्रम घरांबाबत पाळा. रस्ता अरुंद करण्याचा ठराव ज्या सभेत येईल, त्याच सभेत तिथल्या भाडेकरूंच्या संरक्षणाचा ठराव आधी मंजूर होऊ द्या, मग माझा विरोध राहणार नाही.

मूळ लेखिका

ही अट मला मान्य आहे. फक्त तोपर्यंत दुभाजकावरच्या सिग्नलचा वेळ तरी वाढवून द्यावा. त्यासाठी कुणाचेही घर हलवावे लागत नाही.