समुद्र, सहल आणि फजिती : तुमच्या घरातली गोष्ट सांगा

आमच्याकडे समुद्राचा विषय निघाला की बाबांच्या कवळीची गोष्ट निघतेच. बाबांचं हसणं सातमजली. कमरेएवढ्या पाण्यात उभे असताना काकांना एका लाटेने उताणं पाडलं, ते बघून बाबा तोंड उघडून हसले आणि नेमकी पुढची लाट त्यांच्या तोंडावर आली. नाकातोंडात पाणी, मग खोकला आणि खोकल्याबरोबर वरची कवळी समुद्रार्पण. आम्ही नऊ माणसं हात धरून अर्धा तास पायांनी तळ चाचपत होतो. शिंपला लागला की आरोळी, दगड लागला की आरोळी. आई किनाऱ्यावरून ओरडत होती, "अहो, आता तरी तोंड मिटा!"

कवळी पाण्यात नव्हतीच. माझ्या चार वर्षांच्या भाचीने ती पाण्याच्या कडेला उचलली होती आणि आपल्या वाळूच्या किल्ल्याला दरवाजा म्हणून बसवली होती. "हे दार आपलं आपण आलं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

नंतर कळलं की यात नवल काहीच नाही. फुटलेली लाट वर येते ती जोरात, परतताना मात्र तिचं बरंचसं पाणी वाळूत मुरून जातं. त्यामुळे तिने वर आणलेल्या हलक्या वस्तू कडेलाच राहतात. तेव्हापासून पाण्यात काही हरवलं की आम्ही आधी कडेची ओली रेघ शोधतो. एक चेंडू आणि दोन टोप्या तिथेच सापडल्या आहेत.

तर तुमच्या घरातली अशी गोष्ट लिहा. एकच विनंती, पाण्याने नेमकं काय केलं तेही आठवून लिहा. समुद्र उगाच काही करत नाही अशी माझी खात्री झाली आहे आणि मुलांना पाण्यात नेताना ही माहिती फार कामाला येते.

*

आम्ही तिघी जावा आणि आठ मुलं. पुरुषमंडळी छत्रीखाली झोपली होती, आम्ही तासभर पाण्यात होतो. बाहेर आलो तर समोरच निळ्या पट्ट्यांची छत्री, खाली तोंडावर टॉवेल घेऊन आडवे झालेले तिघे. मुलं धावत गेली, पडलेले टॉवेल उचलले, अंगं पुसली. धाकटा तर एकाच्या पोटावर डोकं ठेवून लवंडलासुद्धा. मोठ्या जाऊबाईंनी मधल्या गृहस्थांच्या तोंडावरचा टॉवेल ओढला आणि म्हणाल्या, "उठा आता, आमची पाळी संपली. मुलांकडे तुम्ही बघा."

खालून निघाला तो चेहरा आम्ही जन्मात पाहिला नव्हता.

तेवढ्यात त्यांच्या घरच्या बायकाही पाण्यातून वर आल्या. त्या आमच्याकडे बघतायत, आम्ही त्यांच्याकडे, आणि टॉवेल सगळे आमच्या अंगावर! आमची छत्री तिथून चांगली दीडशे पावलं लांब होती. पट्टे तेच, माणसं वेगळी.

लाटा किनाऱ्यावर सरळ येताहेत असं दिसलं तरी बहुतेक वेळा त्या थोड्या तिरप्या येतात. प्रत्येक लाट आपल्याला जरा बाजूला सरकवते. आपलं तोंड समुद्राकडे असतं, तिकडे सगळं एकसारखंच दिसतं, म्हणून सरकल्याचं समजत नाही. आता आम्ही पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरची एखादी न हलणारी खूण ठरवतो, झाड किंवा इमारत. दर दहा मिनिटांनी एकीने मागे वळून बघायचं. मुलं बरोबर असतील तर हे अजिबात चुकवू नका.

त्या कुटुंबाशी मात्र अजून येणंजाणं आहे.

*

चष्म्याला दोरी बांधा. आमच्या घरात गाडी चालवणारे दोघेच, दोघांनाही चष्मा, आणि एकाच लाटेत दोन्ही चष्मे गेले. दुसऱ्या दिवशी दुकानं उघडेपर्यंत आम्हाला तिथून हलता आलं नाही. अंगठ्याही काढून ठेवा. गार पाण्यात बोटं आकसतात आणि एरवी साबण लावूनही न निघणारी अंगठी आपोआप निसटते. माझ्या बहिणीची साखरपुड्याची गेली. ती कडेच्या ओल्या रेघेवरही नाही सापडली.

*

आम्हाला सतरा जणांचा फोटो काढायचा होता. कॅमेरा तिकाटण्यावर, टायमर १० सेकंदांचा, सगळ्यांची पाठ समुद्राकडे. भावजी मोठे शिस्तीचे. एक लाट येऊन आदळली की लगेच बटण दाबायचं आणि पाणी ओसरतंय तोवर पळत येऊन रांगेत उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या फोटोत सगळ्यांच्या डोक्यावर पांढरा फेस. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात मावशी आडवी. पाच फोटो काढले, पाचांतही लाट. पाचव्यात तर आजोबा तेवढे उभे, कारण त्यांच्या हातात काठी होती. बाकी सोळा जणांचे हातपाय दिसतात.

माझी दहा वर्षांची आतेबहीण बाजूला बसून मोजत होती. ती म्हणाली, "काका, लाटापण दहा-दहानेच येतायत." खरंच तसं होतं. लांबून प्रवास करत आलेल्या लाटा एकमेकींमध्ये बऱ्यापैकी नियमित अंतर ठेवतात. त्या दिवशी ते अंतर आणि टायमर यांचं बरोब्बर जुळलं होतं. सहाव्या वेळी लाट आदळल्यावर पाच अंक मोजून मग बटण दाबलं. फोटो छान आला, पण भिंतीवर लावलाय तो पाचवाच.

सगळ्याच लाटा सारख्या नसतात हेही त्या दिवशी कळलं. चार-पाच साधारण येतात आणि मग तीन-चार मोठ्या पाठोपाठ. म्हणून समुद्राला पाठ दाखवायची नाही, फोटोसाठीसुद्धा. लहान मुलांना तर नाहीच.

*

मामाची गोष्ट. वहिनीच्या पायाला पाण्यात काहीतरी गुळगुळीत, पारदर्शक चिकटलं. ती "जेलीफिश!" म्हणून किंचाळली आणि अख्खं घर बाहेर पळालं. निघाली प्लास्टिकची पिशवी. मामाला चेव चढला. "घाबरट लेकाचे, पिशवीला काय भिता!" म्हणत तो परत पाण्यात गेला आणि तरंगणारी दुसरी पिशवी आम्हाला दाखवायला हाताने उचलली.

ती पिशवी नव्हती.

मामा हात झटकत बाहेर आला. आता कोणीतरी म्हणालं की यावर लघवी करायची असते. हे ऐकताच तीन भाचे उत्साहाने पुढे सरसावले. मामा मागे मागे, भाचे पुढे पुढे, मामी मध्ये हात पसरून उभी. नशीब, जीवरक्षक धावत आला आणि त्याने सगळ्यांना थांबवलं.

त्याने सांगितलं ते इथे नीट लिहिते. लघवीने उपयोग होत नाही, उलट त्वचेवर चिकटलेल्या न फुटलेल्या दंशपेशी फुटून जास्त विष सुटू शकतं. गोड्या पाण्याचंही तेच. चोळायचं नाही, वाळू घासायची नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, राहिलेले तंतू चिमट्याने काढायचे आणि मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंश, हात वीसेक मिनिटं तरी बुडवून ठेवायचा. मामाला त्यानेच आराम पडला. श्वासाला त्रास झाला, छातीत दुखलं किंवा चेहरा सुजला तर मात्र थेट रुग्णालयात. काही जातींचं विष जिवावर बेततं, म्हणून तिथल्या जीवरक्षकाला विचारणं सगळ्यात चांगलं. वाळूवर मरून पडलेली जेलीफिशही डंख मारते, मुलं काठीने ढोसतात आणि मग तीच काठी हातात धरतात.

*

आमचे काका गणिताचे. ओहोटीच्या वेळी त्यांनी पाण्याच्या कडेला काठी रोवली, तासभर थांबले आणि पाणी किती पुढे आलं ते मोजलं. चार पावलं. "तासाला चार, तीन तासांत बारा. पंधरा पावलांवर चटया टाका आणि निवांत झोपा," असा निकाल त्यांनी दिला.

पुढच्या सव्वा तासातच पहिली लाट आत्याच्या पाठीखाली शिरली. तिने डोळे न उघडता आधी मुलांना झापलं, "पाणी कोणी ओतलं रे?" मग दुसरी लाट आली आणि चटईसकट आत्या थोडी पुढे सरकली. नऊ जणांच्या अठरा चपला तरंगत निघाल्या. आम्ही अकरा पकडल्या, त्यात जोड्या चारच.

काका रात्री कागद घेऊन बसले. जुने खलाशी वापरायचे तो हिशेब त्यांना सापडला. ओहोटी पुरी झाल्यापासून भरती पुरी होईपर्यंत साधारण सहा तास लागतात. चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मी भरती येते. काकांनी मोजला तो सगळ्यात संथ तास. त्यात त्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे उधाण. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी इतकं वर येत नाही.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज ५० मिनिटांच्या आसपास उशिरा येते. वेळापत्रक सहज मिळतं. काका हल्ली ते छापून खिशात ठेवतात.

*

ही आजीची गोष्ट. लिहिताना अजून छातीत धडधडतं.

आजीला पाण्यात बसायचं होतं. टायरसारखी हवेची कडी आणली. लाटांना ती घाबरेल म्हणून आम्ही मुद्दाम शांत जागा शोधली. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मध्ये एक पट्टा अगदी सपाट, जरा गडद रंगाचा. तिथे तिला बसवलं. आजी हसत होती, हात हलवत होती. आम्ही किनाऱ्यावरून हात हलवत होतो. ती लहान होत गेली तरी आम्ही हात हलवतच होतो. मग आईच्या लक्षात आलं की कडी थांबत नाहीये.

जीवरक्षक फळी घेऊन गेला आणि पाच-सात मिनिटांत तिला घेऊन आला. आम्ही सगळे रडायच्या बेतात. आजी फळीवर मांडी घालून बसलेली, तिला वाटलं हा सहलीतलाच खेळ. उतरताना त्याला म्हणाली, "बाळा, अजून एक फेरी मारतोस का?"

तो सपाट पट्टा म्हणजे रिप करंट. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी वाळूच्या उंचवट्यांमधल्या खोलगट वाटेने परत जातं. तिथे पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही आणि जागा शांत वाटते. पट्ट्यातून फेस आणि गढूळ वाळू आत जाताना दिसते, ती बघायला शिका. हा प्रवाह सेकंदाला दोन मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. इतक्या वेगाने पट्टीचा पोहणाराही किनाऱ्याकडे येऊ शकत नाही. त्याच्याशी भांडायचं नाही. तो पाण्याखाली खेचत नाही, फक्त आत नेतो. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत लाटा फुटतात तिकडे निघायचं. हवेची कडी आणि गाद्या तर किनाऱ्याकडून वारा असताना पाण्यात न्यायच्याच नाहीत.

आम्ही घरात एक ठरवून टाकलंय. पाण्यात मजेत असाल तर दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे. हात हलवायचा तो फक्त मदतीसाठी.

*

आमचं छोटंसंच. लेकाने पिशवीभर शंख गोळा केले. रात्री खोलीत खुडखुड, टकटक. दिवा लावला तर शंख चालत होते. एक माझ्या बुटात, एक पलंगाखाली, एक दाराच्या फटीशी अडकून बसलेला. आत खेकडे होते. त्या खेकड्यांचं पोट मऊ असतं, म्हणून ते रिकामा शंख शोधून त्यात राहतात आणि वाढले की मोठ्या शंखात मुक्काम हलवतात. आम्ही बापलेक पहाटे चारला विजेरी घेऊन एकेकाला परत सोडायला गेलो. चौदा होते. लेकाने रिकामे शंखही तिथेच ठेवले. "त्यांना पुढचं घर लागेल ना," म्हणाला.

*

"पायाखालची वाळू सरकणे" हा वाक्प्रचार शाळेत पाठ केला होता, समजला तो सासूबाईंमुळे. त्या पाण्याच्या कडेला स्तब्ध उभ्या होत्या, "किती छान गुदगुल्या होतात," म्हणत. परतणारं पाणी टाचांभोवतीची वाळू खरवडून नेतं आणि पाय हळूहळू रुततात. घोटे बुडाले तरी त्या हलल्या नाहीत. मग एक लाट आली, पाय जागेवर आणि सासूबाई खाली बसलेल्या. उठवायला गेले तर माझेही पाय रुतले आणि मी त्यांच्या शेजारी. दोघी तशाच बसून राहिलो. लग्नानंतर आम्ही दोघीच इतका वेळ एकत्र बसलो ती पहिलीच वेळ. पुष्कळ बोललो.

*

सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवतेय. मामाची पिशवी झाली, आत्याची चटई झाली. आजीची गोष्ट सुरू केली तसे ते गप्प झाले, थोडे पुढे सरकून ऐकू लागले. "अजून एक फेरी"च्या वाक्याला आले तेव्हा त्यांनी मला हाताने थांबवलं, कवळी काढून डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं आणि मग हसले.