जुना फ्लॅट भाड्याने देण्याआधी कोणत्या तपासण्या लागतात?

कोथरूडकर: पुण्यात १९९१ची इमारत, तिसरा मजला. महापालिका भाड्याच्या घराची वेगळी तपासणी करते का?

खिळापट्टी: फक्त भाड्यासाठी अशी नाही. पण इमारतीला ३० वर्षं झाली, की महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र लागतं. तुमची मुदत केव्हाच उलटली. सोसायटीकडे प्रत मागा. इमारत उंच असेल तर अग्निसुरक्षेचा ‘नमुना ब’सुद्धा (आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र); तो जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून भरला जातो. गच्चीचा दरवाजा कुलूपबंद असेल तर तो कागद शोभेचाच.

फेज-न्यूट्रल: कागदांपेक्षा वायरिंग आधी बघा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. जुन्या घरात तो बसवला की सारखा पडतो. बहुतेकदा कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलं असतं. वायरमन मग आरसीसीबीच काढून टाकतो! तसं करू देऊ नका, जोड शोधायला लावा. आरसीसीबीवरचं चाचणीचं बटण फक्त यंत्रणा चालते एवढंच सांगतं. अर्थिंग वेगळं मोजावं लागतं. गीझरच्या २.५ चौरस मिमी वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच) दिसला तर १६चा लावा, नाहीतर एमसीबी पडण्याआधी वायर तापेल.

कोथरूडकर: बाथरूममध्ये गॅस गीझर आहे.

खिळापट्टी: बाहेर काढा. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. शेगडीची सुरक्षा नळीही पाहा, तिच्यावर वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षांनी बदलायची.