मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात पाहिलेली जुनी राजधानी : तुमचे अनुभव लिहा

अबोली

माझी भाची तिच्या मैत्रिणींबरोबर चेक देशाच्या राजधानीला, प्रागला निघाली आहे. काल रात्री व्हिसाचे कागद घेऊन आली आणि "मावशी, तिथे काय काय बघू गं?" म्हणाली. सांगता सांगता बारा वाजले. ती गेली, पण माझी झोप उडाली ती उडालीच.

आम्ही कॉलेजच्या चौघी, मुलांची शिक्षणं मार्गी लागल्यावर गेलो होतो. टूरबरोबर नाही, आपापल्या. चौघींच्या चार तऱ्हा. एकीला दिसेल त्या चर्चमध्ये शिरायचं, एकीला ट्राममध्ये बसून नुसतं हिंडायचं, तिसरीला दुकानं आणि मला इतिहास. सुरुवातीला यावरून कुरबुर झाली. मग ठरलं, रोज एकीची पाळी. जिची पाळी ती म्हणेल तिथे बाकीच्यांनी मुकाट जायचं. हा नियम मी सगळ्यांना सुचवते. एरवी २२ नंबरच्या ट्राममध्ये मी इतका वेळ बसलेच नसते, आणि किल्ला, नदी, जुन्या गल्ल्या असं सगळं शहर खिडकीतून एका दमात दिसतं हे मला कळलंच नसतं.

किल्ल्यातलं सेंट व्हायटस कॅथेड्रल मी इतिहासासाठी पाहायला गेले. बांधकाम सुरू झालं १३४४ साली, तेव्हा आपल्याकडे बहमनी राज्यसुद्धा स्थापन व्हायचं होतं. पूर्ण झालं १९२९ साली. मी हे सगळं सांगत होते तर चर्चवाली मैत्रीण म्हणाली, "पहिला दगड बसवणाऱ्याला पक्कं माहीत असणार की आपण हे पुरं झालेलं बघणार नाही. तरी त्याने दगड नीटच बसवला." मी गप्प झाले. वर्षानुवर्षं सनावळ्या वाचून मला हे सुचलं नव्हतं.

चार्ल्स ब्रिज मात्र पहाटेच बघा. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते. पहाटे त्या पाचशे मीटर लांब पुलावर आम्ही चौघी, दोन्ही बाजूंना ते ३० पुतळे आणि खाली व्लतावा नदी. कुणी काही बोललं नाही, आणि आमच्यात हे फार क्वचित घडतं.

तुम्ही कुणी असं घोळक्याने एखादं जुनं राजधानीचं शहर पाहिलं असेल तर लिहा. प्रागच हवं असं नाही.

खारी_बिस्कीट

मस्त धागा! कुकर लावलाय, दुपारी निवांत लिहिते. तोवर जागा राखून ठेवतेय.

मृगनक्षत्र

अबोलीताई, घड्याळाबद्दल काहीच लिहिलं नाहीत? मग मी लिहितो. मला पंचांगाची आवड आहे, वडील घरी स्वतः गणित मांडायचे.

जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवरचं हे घड्याळ १४१० सालचं. दर तासाला वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित फिरतात, सांगाडा घंटेची दोरी ओढतो, शेवटी कोंबडा आरवतो. गर्दी ते बघते, टाळ्या वाजवते आणि पांगते. खरी गंमत त्या खिडक्यांच्या लगेच खालच्या तबकडीत आहे. रोमन आकड्यांवर आजची नेहमीची वेळ. बाहेरच्या काळ्या कड्यावर सोनेरी आकडे आहेत, त्यांत दिवस सूर्यास्तापासून मोजतात, २४ तास. आपला वार सूर्योदयाला बदलतो, त्यांचा दिवस मावळतीला बदलायचा! शिवाय सोनेरी वक्र रेषा आहेत, त्या सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे सारखे बारा भाग करतात. म्हणजे उन्हाळ्यातला तास लांब, हिवाळ्यातला आखूड. आपलं दिनमान जसं लहानमोठं होतं, अगदी तेच तत्त्व. चंद्राचा गोळा अर्धा काळा, अर्धा चंदेरी असतो, तो फिरत फिरत कला दाखवतो. राशींचं चक्र सायन आहे, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेलं, त्यामुळे घड्याळातला सूर्य २१ मार्चच्या सुमारास मेषेत जातो, आपली मेषसंक्रांत १४ एप्रिलच्या आसपास.

मी मित्रांना हे समजावत उभा राहिलो. दोघे आइस्क्रीम आणायला गेले, एकजण मात्र थांबला. तो बँकेत होता, गणिताशी त्याचा संबंध व्याजापुरता. पण संध्याकाळी तो एकटाच पुन्हा तिथे गेला आणि सूर्य मावळताना सोनेरी काटा बाहेरच्या कड्यावर २४ वर येतो का ते बघून आला. खोलीत येऊन मला मिठी मारली. आजही फोनवर बोलताना तो विषय निघतो.

अबोली

मृगनक्षत्र, किती छान सांगितलंत! हा प्रतिसाद भाचीला पाठवते. घड्याळ करणाऱ्याचे डोळे काढले अशी गोष्ट आम्हाला तिथे एकाने सांगितली होती, ती खरी का?

मृगनक्षत्र

दंतकथा आहे. ती हानुश नावाच्या कारागिराबद्दल सांगतात, आणि घड्याळ मुळात केलं कादानच्या मिकुलाशने. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडले म्हणतात ना, त्याच जातीची गोष्ट.

नागपुरी_संत्रा

काय सांगू राजेहो, आमी पाच दोस्त गेलतो. किल्ल्यातली ती खिडकी पाहिली का कोणी? १६१८ साली चिडलेल्या प्रॉटेस्टंट सरदारांनी कॅथलिक बादशहाचे दोन अधिकारी अन् त्यांचा कारकून, तिघायले खिडकीतून खाली फेकलं. वीसेक मीटर उंची. तिघंही वाचले! कॅथलिक म्हणे देवदूतांनी झेललं, विरोधक म्हणे खाली उकिरडा होता म्हणून वाचले. अन् यातून पेटलं तीस वर्षांचं युद्ध. आमच्यातला एक सरकारी कारकून आहे. तो त्या खिडकीपाशी जाऊनच नाही राहिला, "कारकुनाची काय चूक होती बे?" म्हणे. त्याचं खरंच होतं.

सुगरण_नव्हे

शाकाहारी लोकांनी काय खाल्लं? आम्ही पुढच्या वर्षी जातोय. आई बरोबर आहे, अंडंही चालत नाही.

खारी_बिस्कीट

ठेपले आणि दाण्याची चटणी न्या. 😀 तिथे तळलेलं चीज मिळतं, "स्माझेनी सिर", बरोबर उकडलेला बटाटा, पण वरच्या आवरणात अंडं असतं. बटाट्याचा ब्राम्बोराक छान लागतो, लसूण घातलेला, त्यातही बहुधा अंडं. आईंना विचारूनच द्या. सूप मागवताना मांसाचा अर्क आहे का ते नक्की विचारा. भारतीय हॉटेलं भरपूर आहेत, उपाशी राहणार नाहीत. आणि युरो नाही, कोरुना चालतो तिथे, हेही लक्षात ठेवा.

गुडघेदुखी_क्लब

बूट! बूट! बूट! सगळं शहर दगडी फरसबंदीचं आहे. नव्या चपला घालून निघू नका. आमच्या ग्रुपमध्ये रात्री हॉटेलवर गप्पा कमी आणि तेल चोळणं जास्त.

कुंचला

मी शाळेत चित्रकला शिकवते. सोलापूरच्या आम्ही सहा शिक्षिका, सुट्टीत गेलो होतो. मला एकच जागा सांगायची आहे. पिंकास सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जुन्या ज्यू वस्तीत.

आत शिरलं की भिंतींवर नुसती नावं. हाताने लिहिलेली, काळ्या आणि लाल अक्षरांत. गाव, आडनाव, नाव, जन्मतारीख. नाझींनी मारलेले बोहेमिया आणि मोराव्हियातले ज्यू, जवळपास ७८,००० जण. कम्युनिस्ट राजवटीत ही नावं भिंतींवरून घालवली होती. १९९२ ते १९९६ या काळात ती सगळी पुन्हा हाताने लिहिली. मी फळ्यावर रोज लिहिते, त्यामुळे त्या लिहिणाऱ्यांच्या मनगटाचाच विचार आला.

वरच्या मजल्यावर टेरेझिनच्या छळवस्तीतल्या मुलांची चित्रं आहेत. त्यांना चित्रकला शिकवणाऱ्या बाई फ्रीडल डिकर-ब्रांडाइस. साहित्य मिळेना, तर कचेरीच्या पाठकोऱ्या कागदांवर चित्रं काढून घ्यायच्या. मुलांना सांगायच्या, चित्रावर आपलं नाव घाला. १९४४ मध्ये त्यांना आउशवित्झला पाठवलं आणि तिथे मारलं. जाण्याआधी त्यांनी सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवली, म्हणून ती उरली. त्यांतल्या बहुतेक मुलांचं पुढे काय झालं ते खाली तारखांत लिहिलंय.

चित्रांत काय आहे? घर, झाड, फुलपाखरं, झोके. माझ्या पाचवीतली मुलं काढतात तेच. आम्ही सहाही जणी बाहेर येऊन बाकावर बसलो. आमच्यातल्या गणिताच्या बाई कडक म्हणून प्रसिद्ध, त्या हुंदके देऊन रडल्या. पुढचं काही पाहायला गेलो नाही त्या दिवशी.

तेव्हापासून मी कुठल्याच मुलाचं चित्र नावाशिवाय जमा करून घेत नाही.

अबोली

कुंचला, काय लिहू सुचत नाही. आम्ही गेलो त्या दिवशी शनिवार होता, सिनेगॉग बंद. भाचीला सांगते, शनिवार सोडून जा.

नागपुरी_संत्रा

ताई, वाचून गप बसलो.

निवृत्त_यंत्रज्ञ

मी बहुधा इथला सर्वांत म्हातारा. चेकोस्लोव्हाकिया होता तेव्हा, १९८० च्या दशकात, मी प्रशिक्षणासाठी तिथे होतो. त्या काळी रांचीचा एचईसी, हैदराबादचा भेल अशा कारखान्यांना त्यांची मदत असे, त्यामुळे भारतीय इंजिनिअर बरेच भेटत. रविवारी आम्ही आठ-दहा जण मिळून प्राग बघायचो. पुलावर तेव्हा आजच्यासारखी झुंबड नसे. "तुझेक्स" नावाची दुकानं होती, तिथे फक्त परकीय चलनावर माल मिळायचा. रस्त्यात माणसं कानाशी येऊन डॉलर आहेत का विचारायची.

एकदा कारखान्यातला एक चेक सहकारी आमच्याबरोबर आला. वेन्सेस्लास चौकात वरच्या टोकाला, म्युझियमसमोर, चालता चालता थांबला, बुटाची नाडी बांधल्यासारखं वाकला आणि हळूच म्हणाला, "यान पालाख इथे." १९६९ च्या जानेवारीत, आदल्या वर्षी देशात घुसलेल्या रशियन फौजांच्या निषेधार्थ त्या विद्यार्थ्याने तिथे स्वतःला पेटवून घेतलं होतं. तिथे तेव्हा खूण म्हणून काही नव्हतं. बोलायचीही भीती. पुढे नोव्हेंबर १९८९ मध्ये त्याच चौकात लाखो लोक हातातल्या किल्ल्या वाजवत उभे राहिले आणि सरकार गेलं. मी पुण्यात बातमी वाचली आणि बायकोला त्या नाडीची गोष्ट सांगितली. आता तिथे फरशीतून वर आलेला क्रूस बसवला आहे. मुलीने व्हिडिओ कॉलवर दाखवला.

मृगनक्षत्र

काका, यावर वेगळा धागा काढाच. आग्रहाची विनंती.

मांडवी_काठ

प्राग नाही, लिस्बन. आम्ही फोंड्याचे शाळासोबती. जेरोनिमोस मठात वास्को द गामाची समाधी आहे. १५२४ मध्ये तो कोचीत वारला, नंतर अस्थी पोर्तुगालला नेल्या. ती कोरलेली दगडी शवपेटी बघताना माझ्या मित्राला राहवेना. त्याचे वडील गोवा मुक्तीच्या लढ्यात तुरुंगात होते. तो मला कोकणीतून म्हणाला, इथे कोरीवकाम इतकं सुंदर आहे की राग धरून ठेवायला जमत नाही, आणि सोडायलाही जमत नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दुसरं काय करणार. नंतर एका कॅफेत "शामुसा" मागवला तर समोर आपला समोसाच! तेव्हा कुठे तो हसला. लिस्बनला गोंयकार खूप आहेत, घरच्यासारखं बोलतात.

सुगरण_नव्हे

अंडं नाही ना त्यात?

मांडवी_काठ

अंडं नाही, पण मांसाचा असतो बऱ्याचदा. विचारून घ्या.

खारी_बिस्कीट

आले, भांडी झाली. आमचं बुडापेस्ट. सेचेनी स्नानगृह, १९१३ सालची पिवळी राजवाड्यासारखी इमारत. बाहेर कडाक्याची थंडी आणि उघड्यावर गरम पाण्याचा तलाव. छातीएवढ्या पाण्यात उभे राहून म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. आमच्यातली एक जन्मात पोहण्याचा पोशाख न घातलेली. तासभर कपडे बदलायच्या खोलीत बसली. मग स्वतःच आली, पाण्यात उतरली आणि बाहेर यायला तयार होईना. वर हिमकण पडत होते आणि ती मान मागे टाकून हसत होती. ती आता नाही. दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. तिच्या मुलीकडे तो फोटो फ्रेम करून लावलाय, तिचा हट्टच होता तसा.

गुडघेदुखी_क्लब

ओह. मैत्रिणीला आदरांजली. बरं झालं पाण्यात उतरली.

कुंचला

खारी, 🫂

चाकरमानी_८८

सगळं वाचलं, लोकलमध्ये उभ्याने. दादर आलं. प्राग स्टेशनवर पहिल्या फलाटावर निकोलस विंटनचा पुतळा बघायला विसरू नका कुणी. १९३९ मध्ये या इंग्रज तरुणाने सहकाऱ्यांबरोबर ६६९ मुलांना, बहुतेक ज्यू, रेल्वेने तिथून सुखरूप बाहेर काढलं. कुंचलाताईंच्या प्रतिसादानंतर हे लिहायलाच हवं होतं. आमच्या ग्रुपची गाडी सुटायला वीस मिनिटं होती, सगळे सामानासकट पळत जाऊन बघून आलो.

सुगरण_नव्हे

नोंदवलं. कुंचलाताई, टेरेझिनला जायचं असेल तर प्रागहून कसं जायचं? आई येईल म्हणते.

कुंचला

बसने. होलेशोविसे स्थानकावरून सुटते, मेट्रोची लाल लाइन तिथे जाते. साधारण तासाभराचा रस्ता. आत चालणं बरंच आहे, आईंसाठी घडीची खुर्ची आणि पाणी न्या. सकाळची बस घ्या, म्हणजे घाई होत नाही. आणखी काही लागलं तर व्यक्तिगत निरोप करा, आमच्या वेळचं वेळापत्रक जुनं झालं असेल, पण नकाशा आहे माझ्याकडे.